चापडा ओळखावा कसा आणि त्याचे नाव वाचावे कसे

पावसाळ्यात आंबोलीच्या किंवा गोव्यातील मोलेच्या जंगलात रात्री फिरून आलेल्या मंडळींकडे एक छायाचित्र हमखास असते. फांदीवर वेटोळे घालून निवांत बसलेला, रुंद डोक्याचा, बारीक मानेचा साप, म्हणजे चापडा (इंग्रजीत पिट व्हायपर, चेहऱ्यावर खाच असलेला विषारी साप), त्यात दिसतो आणि खाली ‘बांबू पिट व्हायपर’ किंवा ‘मलबार पिट व्हायपर’ असे नाव लिहिलेले असते. हे नाव कशावरून ठरवले, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच येते: रंगावरून. हिरवा असेल तर बांबूचा, तपकिरी किंवा पिवळट असेल तर मलबारी. हा हिशेब सोपा असला तरी चुकीचा आहे, कारण मलबारी चापडा हिरवाही असतो, आणि तपकिरी, पिवळा, नारिंगीसर असाही असतो. आशियातील पिट व्हायपर सापांच्या बाबतीत रंग हा शेवटी विचारात घ्यायचा पुरावा आहे. त्याआधी काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि हाती आलेल्या शास्त्रीय नावाचा अर्थ कसा लावावा, हे पुढे मांडले आहे.

ही सारी ओळख लांबून, छायाचित्रावरून आणि कातीवरून करायची आहे. चापडा हा दबा धरून बसणारा साप आहे. तो एकाच फांदीवर किंवा दगडावर रात्रीमागून रात्री बसून राहतो आणि माणूस जवळ आला तरी घोणसासारखा फुत्कारत नाही की पळत नाही (खेड्यात त्याला ‘हिरवा घोणस’ हे नावही आहे). त्यामुळे तो ‘गरीब’ आहे असा समज होतो आणि मोबाइल त्याच्या तोंडाजवळ नेला जातो. निदान दोन मीटर अंतर ठेवावे, लांब पल्ल्याची भिंग वापरावी आणि साप नीट दिसावा म्हणून फांदी हलवू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे वन्य सापाला परवानगीशिवाय पकडणे हा गुन्हा आहेच. पण तो नसता तरीही पकडण्याची गरज नव्हती, कारण ओळखीच्या बहुतेक खुणा डोक्याच्या एका बाजूच्या स्पष्ट छायाचित्रात मिळतात. म्हणून छायाचित्रे काढायची झाल्यास तीन काढावीत: डोक्याची बाजू, डोक्याचा वरचा भाग आणि शेपटीसह पूर्ण शरीर. सापाने आपणहून दाखवले नाही ते सोडून द्यावे.

पहिली खूण अर्थातच खाच. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध, किंचित खालच्या बाजूला, एक ठळक खळगा दिसला की साप पिट व्हायपरांच्या उपकुलातील आहे हे ठरते. म्हणजे प्रत्येक बाजूला तीन ‘छिद्रे’ दिसायला हवीत: डोळा, खाच आणि सर्वांत पुढे नाकपुडी. येथे एक नेहमीची गफलत होते. घोणसाची नाकपुडी इतकी मोठी असते की नवख्या माणसाला तीच खाच वाटते. परंतु तिच्यापुढे आणखी नाकपुडी नसते, आणि तेवढ्यावरून उलगडा होतो. फुरशालाही खाच नसते. डोळ्याची उभी बाहुली मात्र पुरावा म्हणून धरू नये, कारण मांजऱ्या सापाची बाहुलीही उभीच असते आणि त्याचे डोकेही मानेपेक्षा बरेच रुंद असते. हिरव्या रंगामुळे हरणटोळ आणि गवत्या यांनाही चापडा समजून मारले जाते. हरणटोळाची बाहुली आडवी आणि मुस्कट टोकदार असते, गवत्याची बाहुली गोल असते, आणि या दोघांच्याही डोक्यावर मोठ्या, सुबक पट्टिका असतात.

ही खाच नुसती खूण नाही, तर एक स्वतंत्र ज्ञानेंद्रिय आहे, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य होईल. वरच्या जबड्याच्या हाडात या खाचेसाठी खास पोकळी असते आणि पोकळीच्या आत एक अत्यंत पातळ पडदा ताणून बसवलेला असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे पासष्टाव्या भागाइतकी असते. पडद्याच्या मागेही हवेची कोठडी असल्यामुळे तो कुठल्याही जाड ऊतीला टेकलेला नसतो, आणि त्यामुळे थोड्याशा उष्णतेनेही चटकन तापतो व तितक्याच चटकन निवतो. त्यात पसरलेली चेतातंतूंची टोके चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या त्रिशाखी चेतेची असतात. या टोकांवरील टीआरपीए-१ नावाचे प्रथिन उष्णतेला प्रतिसाद देते, हे २०१० मध्ये दाखवले गेले; मोहरी आणि वसाबीचा झणका आपल्याला जाणवतो तो याच प्रथिनाच्या मानवी रूपामुळे. खाचेकडून आलेली माहिती मेंदूच्या ज्या भागात पोहोचते, तेथेच डोळ्यांकडून आलेले चित्रही उमटते, त्यामुळे सापाला दिसणारे जग आणि जाणवणारी उष्णता यांची सांगड घातली जाते. अजगरांच्या ओठांवरही उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, पण त्या वेगळ्या जागी, वेगळ्या रचनेच्या आणि स्वतंत्रपणे उत्क्रांत झालेल्या आहेत. तेव्हा ‘उष्णता ओळखतो म्हणून पिट व्हायपर’ असे म्हणता येत नाही. खाच कोठे आहे, हे महत्त्वाचे.

अनेकांना एक शंका येते: सह्याद्रीतील चापडे बेडूक आणि पाली मोठ्या प्रमाणावर खातात, मग थंड रक्ताच्या भक्ष्यासाठी उष्णतेच्या खाचेचा उपयोग काय? उत्तर असे की खाच उष्णता मोजत नाही, फरक टिपते. दिवसभर तापलेल्या दगडापुढून ओला, गार बेडूक सरकला तर तोही फरकच असतो. शिवाय उंदीर, पिल्ले आणि लहान पक्षीही या सापांच्या आहारात असतातच.

खाच निश्चित झाली की सापाचे घराणे ठरते. मराठीत ‘जाती’ आणि ‘प्रजाती’ हे शब्द वृत्तपत्रांत सर्रास अदलाबदल करून वापरले जातात. येथे जीवशास्त्राच्या परिभाषेप्रमाणे प्रजाती म्हणजे अनेक जातींचा गट, असा अर्थ घेतला आहे. व्हायपरिडी या कुलात तीन उपकुले मानली जातात. घोणस आणि फुरसे खाच नसलेल्या व्हायपरिनी उपकुलात येतात. खाच असलेले सर्व साप क्रोटॅलिनी उपकुलात येतात, ज्यात आपले चापडे आहेत आणि अमेरिकेतील खुळखुळ्या सापही आहेत. तिसरे उपकूल अगदी लहान आहे: दक्षिण चीन, व्हिएतनाम, म्यानमार या भागातील ॲझेमिऑप्स, ज्याचे वर्णन बुलेंजर यांनी १८८८ मध्ये केले. त्याला खाच नाही, डोक्यावर मोठ्या पट्टिका आहेत, आणि तरीही जनुकीय अभ्यासांत तो पिट व्हायपरांचा सर्वांत जवळचा नातलग ठरतो. खाच आशियात उदयाला आली आणि तेथून हे साप उत्तरेकडील भूसेतूवरून अमेरिकेत पोहोचले, असे आजचे चित्र आहे. म्हणजे खुळखुळ्या हा आपल्या चापड्याचा परदेशी गेलेला भाऊबंद आहे.

दुसरी पायरी डोक्याच्या वरच्या भागाची. ‘व्हायपरच्या डोक्यावर बारीक खवले, बाकीच्यांच्या डोक्यावर मोठ्या पट्टिका’ हा नियम शाळेत शिकवला जातो. तो सह्याद्रीतील हिरव्या-तपकिरी चापड्यांना लागू पडतो, पण सगळ्या पिट व्हायपरांना नाही. हिमालयातील ग्लॉयडियस, आग्नेय आशियातील कॅलोसेलॅस्मा आणि आपल्याकडील हिप्नेल या प्रजातींच्या डोक्यावर मोठ्या पट्टिका असतात. हिप्नेलमध्ये त्या मागच्या बाजूला मोठ्या आणि मुस्कटावर तुकडे झालेल्या असतात. म्हणून डोक्यावर पट्टिका दिसल्या म्हणजे साप बिनविषारी, हा निष्कर्ष धोकादायक आहे.

तिसरी पायरी कातीची, आणि माझ्या मते हौशी अभ्यासकांनी सर्वांत दुर्लक्षित केलेली. जिवंत सापाच्या पोटाखाली पाहता येत नाही, पण कातीवर सर्व खवले मोजता येतात, तेही चहा पीत. कात कोमट पाण्यात भिजवून सपाट पसरावी. शरीराच्या मध्यावर, पोटाच्या रुंद खवल्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाठीवरच्या खवल्यांच्या ओळी तिरप्या मोजाव्यात. हिप्नेलमध्ये त्या १७ भरतात. बांबूच्या चापड्यात बहुधा २१. मग गुदद्वाराच्या पुढे, म्हणजे शेपटीच्या टोकाकडे जात, शेपटीखालचे खवले पाहावेत. चापड्यांमध्ये ते जोडीने असतात, तर फुरशाच्या शेपटीखाली ते एकेरी, अखंड असतात. हा फरक किरकोळ वाटेल, पण लहान, तपकिरी, पालापाचोळ्यात बसणारा हिप्नेल आणि फुरसे यांची गल्लत केरळमधील रुग्णालयांतही झालेली आहे, आणि फुरसे समजून दिलेल्या प्रतिविषाचा तेथे उपयोग झाला नाही. फुरशाच्या अंगावरचे करवतीसारखे कणे असलेले तिरपे खवलेही कातीवर हाताला जाणवतात.

आता सह्याद्रीपुरते बोलू. महाराष्ट्र आणि गोवा येथे प्रामुख्याने भेटणारे चापडे म्हणजे मलबारी आणि बांबूचा. गोव्यापासून दक्षिणेकडे त्यांत हिप्नेलची भर पडते. हिप्नेल ओळखणे सर्वांत सोपे: नाकाचे टोक स्पष्टपणे वर उचललेले, लांबी सहसा ३० ते ४५ सेंटिमीटर, वावर जमिनीवरच्या पाल्यात. त्याची पिल्ले शेपटीचे फिकट टोक अळीसारखे वळवळवून भक्ष्याला जवळ बोलावतात. राहिलेल्या दोघांत गोंधळ होतो. मलबारी चापडा मीटरभर लांबीपर्यंत वाढू शकतो, त्याच्या पाठीवर गडद ठिपक्यांची किंवा नागमोडी पट्ट्याची नक्षी असते आणि डोळ्यामागून जबड्याच्या कोपऱ्याकडे जाणारा गडद पट्टा बहुधा ठसठशीत असतो. त्याला ओढ्याकाठची दमट, सदाहरित जंगले मानवतात. बांबूचा चापडा त्यामानाने लहान, हिरवा-पिवळट, नक्षी पुसट किंवा नसलेली, आणि पानगळीच्या, बांबूच्या जंगलांतही आढळणारा. या सर्व खुणा ‘बहुधा’च्या आहेत. एकट्या एका खुणेवर नाव ठोकून देऊ नये. नक्षी, पट्टा, अधिवास आणि लांबी या चारांपैकी तीन जुळल्यावरच जाती लिहावी, अन्यथा प्रजातीवर थांबावे.

ईशान्य भारतात हीच पद्धत अधिक कठोरपणे वापरावी लागते, कारण तेथे हिरव्या पिट व्हायपरांची इतकी दाटी आहे की रंग जवळजवळ निरुपयोगी ठरतो. झाडावर राहणाऱ्या अनेक वंशांत हिरवेपणा आलेला आहे. तेथे डोक्याच्या बाजूचे छायाचित्र काढून वरच्या ओठाचा पहिला खवला आणि नाकपुडीचा खवला यांच्यामधली शिवण पाहावी. पांढऱ्या ओठाच्या अल्बोलॅब्रिस गटात हे दोन खवले पूर्ण किंवा अंशतः जुळलेले असतात, तर पोपिओरम आणि स्टेजनेगेरी यांच्या गटांत ते वेगळे राहतात. शेपटीचा रंग, नराच्या अंगावरील लाल-पांढरी रेघ या खुणा त्यानंतर. अरुणाचल प्रदेशाच्या पाक्के व्याघ्र प्रकल्पातून २०२० मध्ये वर्णन झालेला ट्रायमेरेसुरस सालाझार याच गर्दीतला. हॅरी पॉटरच्या कथांतील सालाझार स्लिदरिन या पात्रावरून त्याचे नाव ठेवले गेले, आणि ते काम करणाऱ्या चमूत झीशान मिर्झा, हर्षल भोसले, पुष्कर फणसाळकर, मंदार सावंत, गौरांग गोवंडे आणि हर्शिल पटेल होते. त्याच्या नराच्या डोक्याच्या बाजूला नारिंगी-तांबडी रेघ असते. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१९ मध्ये, अरुणाचलातूनच ट्रायमेरेसुरस अरुणाचलेन्सिस ही जाती पुढे आली होती; तिचे वर्णन करणाऱ्यांत पुण्याचे अशोक कॅप्टन होते.

अंडी की पिल्ले, यावरूनही वर्गीकरण करण्याचा मोह होतो. सह्याद्रीतील चापडे पिल्लांनाच जन्म देतात, परंतु आग्नेय आशियातील कॅलोसेलॅस्मा आणि जपानच्या र्‍युक्यू बेटांवरील हाबू अंडी घालतात, आणि कॅलोसेलॅस्माची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून राखणही करते. एकाच उपकुलात दोन्ही तऱ्हा असल्यामुळे ही खूण घराणे ठरवायला उपयोगी नाही.

इतके झाल्यावर प्रश्न उरतो तो नावाचा. जुन्या पुस्तकात ट्रायमेरेसुरस मलबारिकस, नव्या यादीत क्रॅस्पेडोसेफालस मलबारिकस, साप तोच. नाव बदलले की लोक वैतागतात, आणि वैताग रास्त आहे, पण बदलामागची गोष्ट समजली की पुढचे बदलही पचतात. बांबूच्या चापड्यापासून सुरुवात करू. पॅट्रिक रसेल यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांवरच्या १७९६ च्या ग्रंथात त्याचे चित्र दिले, आणि शॉ यांनी १८०२ मध्ये त्याला कोल्युबर ग्रॅमिनियस म्हटले. ग्रॅमिनियस म्हणजे गवती. तेव्हा बहुतेक साप कोल्युबर या एकाच मोठ्या पोत्यात टाकले जात. लासेपेद यांनी १८०४ मध्ये ट्रायमेरेसुरस ही प्रजाती केली आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षे आशियातील झाडावरचे जवळजवळ सारे पिट व्हायपर तिच्यात जमा होत गेले. २००४ मध्ये अनिता मल्होत्रा आणि रॉजर थॉर्प यांनी जनुके आणि नरांच्या जननेंद्रियांची रचना यांच्या आधारे हे पोते उलगडले आणि त्यातून अनेक प्रजाती वेगळ्या काढल्या. ट्रायमेरेसुरस हे नाव त्यांनी ग्रॅमिनियसच्या, म्हणजे आपल्या भारतीय गटाकडे ठेवले होते. परंतु प्राण्यांना नाव देण्याच्या नियमांनुसार प्रजातीचे नाव तिच्या प्ररूप-जातीला, म्हणजे नमुना म्हणून ठरलेल्या एका जातीला, बांधलेले असते, आणि २०११ मध्ये डेव्हिड, फोगेल व डुबॉइस यांनी दाखवले की ते नाव नियमाने दुसऱ्या, अल्बोलॅब्रिसच्या गटाकडे जाते. मग भारतीय गटासाठी १८२२ मधील जुने नाव, क्रॅस्पेडोसेफालस, बाहेर काढावे लागले. सापांत काही बदलले नाही. घराची पाटी चुकीच्या दारावर होती, ती हलवली गेली.

याच ओघात २०२१ मध्ये द्वीपकल्पीय भारतातील चापड्यांचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ‘मलबारी’ आणि ‘बांबूचा’ या दोन्ही नावांखाली एकाहून अधिक वंश लपले असल्याचे दिसले, आणि ॲनामलेन्सिस व ऑक्सिडेंटॅलिस ही जुनी, विस्मरणात गेलेली नावे पुन्हा वापरात आली. म्हणूनच आज एखाद्या जुन्या नोंदीत नुसते ‘ग्रॅमिनियस’ लिहिलेले असेल आणि ठिकाण दिलेले नसेल, तर ती नोंद कोणत्या सापाची हे सांगता येत नाही.

नाव वाचताना कंसाकडेही लक्ष द्यावे. ‘क्रॅस्पेडोसेफालस मलबारिकस (जर्डन, १८५४)’ यातील कंसाचा अर्थ असा की जर्डन यांनी १८५४ मध्ये जातीचे वर्णन केले, पण त्यांनी तिला दुसऱ्या प्रजातीत ठेवले होते. कंस नसेल तर जाती आजही मूळ प्रजातीतच आहे. हा एक कंस सापाच्या नावाचा फेरफार-उतारा असतो.

दंशाबद्दल थोडक्यात पण स्पष्ट सांगितले पाहिजे. भारतात मिळणारे बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांपासून तयार होते. चापड्यांच्या विषावर ते भरवशाचे नाही. थायलंडमध्ये हिरव्या पिट व्हायपरसाठी वेगळे प्रतिविष आहे, आपल्याकडे ते नाही. मलबारी आणि बांबूच्या चापड्याच्या दंशाने बहुधा तीव्र वेदना आणि सूज येते, तर हिप्नेलच्या दंशाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडून मूत्रपिंडे निकामी झाल्याची व मृत्यूची उदाहरणे केरळ आणि श्रीलंकेत आहेत. दंश झाल्यास अंगठी, बांगडी, घड्याळ काढावे, अवयव न हलवता आधार द्यावा, दोर आवळू नये, जखम कापू किंवा चोखू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवून रुग्णालय गाठावे. साप मारून सोबत नेऊ नये. सुरक्षित अंतरावरून काढलेले एक छायाचित्र पुरते. डॉक्टर काचेच्या स्वच्छ नळीत रक्त २० मिनिटे ठेवून ते गोठते का पाहतात, आणि ही तपासणी पुन्हापुन्हा करावी लागते. म्हणून सूज कमी वाटते म्हणून घरी परतू नये.

शेवटी नोंद लिहिण्याविषयी. वहीत प्रथम दिसलेले लिहावे, नाव सर्वांत शेवटी. तारीख, वेळ, गाव व ओढ्याचे किंवा वाटेचे नाव, उंची, साप जमिनीपासून किती वर होता, अंदाजे लांबी, नक्षी, शेपटीचा रंग, आणि कोणती बाजू छायाचित्रात आली नाही, हेही. आंबोलीच्या एखाद्या रात्रीची चांगली नोंद अशी असू शकते: ‘आंबोली, सुमारे ६९० मीटर, रात्री ९.४०, ओढ्यावर झुकलेल्या झुडपात, जमिनीपासून दीड मीटर, लांबी अंदाजे ६० सेंटिमीटर, खाच स्पष्ट, डोक्यावर बारीक खवले, रंग पिवळट, पाठीवर नागमोडी गडद पट्टा, डोळ्यामागचा पट्टा पानाआड, शेपटीचे टोक दिसले नाही. क्रॅस्पेडोसेफालस, बहुधा मलबारिकस.’